सुटायची गाठ

नोकरीच्या कागदासोबत टाय आला,
मरून रंगाचा, प्लास्टिकमध्ये चपटा झोपलेला.
खानापूर रोडवरचं हॉटेल, काउंटरवर उभं राहायचं,
सोमवारी सकाळी सातला हजर.
घरात कुणाच्याच गळ्याला त्याची ओळख नव्हती.

अप्पा म्हणाले, आण इकडं, गाठच ना ती.
वडगावच्या आमच्या बोळात उरलेला एकच हातमाग,
त्यावर बसलेला हा माणूस.
तुटलेला धागा दोन बोटांत धरतो, थुंकी लावतो,
आणि माझी पापणी हलायच्या आत
गाठ पडलेली असते, फणीलासुद्धा कळत नाही.
त्यांनी मारली. सुंदर मारली.
सोडवायला आईची सुई लागली, आणि अर्धा तास.
"आमच्या गाठी सुटायसाठी नसतात गे,"
जरा ओशाळून म्हणाले, जरा मिजाशीत.

मग कॅम्पातला इराप्पा हुदली.
फौजेच्या मेसमध्ये चौतीस वर्षं वाढपी,
आता गुडघे चोळत बसलेला.
त्याच्या आरशाचा पारा खालच्या कोपऱ्यात उडालेला.
मी पुढे, तो मागे.
"रुंद टोक बलक्के."
मी उजवा हात नेला,
आरशातल्या मुलीनं डावा.
"हंगल्ल, हंगल्ल! त्या पोरीला विचारू नको,
ती उलटंच सांगणार. हाताला विचार."
वरनं, खालनं, गळ्याकडनं आत, पुढनं घरात.
"गंटु बिगि नको. स्वल्प सडिल."

गंटु. मी मनात म्हटलं, गाठ.
एक शब्द ओठ पुढे करून संपतो,
एक श्वास सोडून.

मग न मागताच त्यानं बो शिकवला.
माझ्या नोकरीत तो लागणार नव्हता,
पण त्याच्या बोटांना राहवेना.
"बुटाच्या नाडीसारखाच. बूट तेवढा नाही."
आणि सांगितलं, मोठ्या जेवणाच्या रात्री
छातीभर पदकं लावलेले साहेब
त्याच्यापुढे येऊन उभे राहायचे.
"बांधायला गेलं की हनुवटी वर.
आणि डोळे मिटतात बघ.
शेंबूड पुसून घेणाऱ्या पोरासारखे.
एकजात सगळे."

घरी साडीच्या उरलेल्या काठाची पट्टी घेऊन
मी मागाच्या हात्याला बो बांधला.
अप्पांनी तो सोडला नाही.
दोन दिवस हात्या बो घालूनच
पुढं-मागं करत होता.

टायचं मात्र जमेना. माझ्याच गळ्यात
तो कधी बेंबीपर्यंत लोंबायचा,
कधी छातीवरच अडून बसायचा.
रविवारी रात्री, दिवे घालवायच्या आधी,
म्हटलं, अप्पा, जरा उभे राहा.

बनियनवर टाय टाकला.
त्यांनी हनुवटी वर केली.

मी थांबले.

त्यांनी डोळे मिटले.

वस्तऱ्याला चुकलेले चार पांढरे केस.
कंठमण्याशेजारी एक जुना व्रण, कशाचा ते माहीत नाही.
इतक्या जवळून हा गळा मी कधी पाहिलाच नव्हता.
वरनं, खालनं, आत, घरात.
पहिल्या फटक्यात.

तेव्हापासून तीच रीत.
सव्वासहाला अप्पा बनियनवर टाय लावून
बशीतनं चहा पितात.
समोरचा शिवबसू खिडकीतनं विचारतो,
"काय साहेब, आज कुठल्या ऑफिसात?"
अप्पा बशी खाली ठेवत नाहीत.
मी गाठ थोडी सैल करते,
त्यांच्या डोक्यावरनं काढते,
माझ्या डोक्यातनं घालते,
आणि वर ओढते.

काल मॅनेजर काउंटरशी वाकला.
"टायवर हे पांढरं काय लागलंय?"
मी खाली पाहिलं.
गाठीच्या घडीत सुताची तूस,
मागावरची, बोटभर.
बघते सर, म्हटलं,
आणि पाहुण्यांपुढे रजिस्टर सरकवलं.